बिनतारखेचं कार्ड

उदारामच्या खळ्यावर त्या दिवशी धानाची मळणी, तिकडच्या बोलीत चुरणी, लागली होती. चुरणीच्या दिवशी कोहळ्याच्या, तळ्याच्या पाण्यावर धान पिकवणाऱ्या कोहळी जातीच्या माणसाच्या, दारी देव जरी आला तरी त्याला सांगतात, बस बापा घडीभर, बैल सुटू दे. पण नवेगावचा टपालवाला सायकल हाणत आला तो थेट खळ्यातच शिरला, बैलांच्या पुढ्यात उभा राहिला आणि धापा टाकत ओरडला, “उदाराम, अगा तुझ्या सुकरामाचं कार्ड आलं!”

मेढीभोवती फिरणारे चार बैल आपोआप थांबले. तनीस, म्हणजे धानाचा पेंढा, झाडणाऱ्या बायांचे हात थांबले. उदारामची बायको जमुनाबाई हातातलं सूप टाकून धावली, पदर सावरायचंही तिला भान नाही राहिलं. उदाराम मात्र बैलांमागं होता तिथंच उभा राहिला. त्यानं बैलाच्या पाठीवर हात टेकला. लोकांना वाटलं, म्हातारा आनंदानं गडबडला. आनंद कुठला हो! भीतीनं त्याच्या तोंडची थुंकी वाळली होती.

कारण सुकराम मेला होता, हे अख्ख्या टोल्याला, त्या साऱ्या वाडीला, माहीत होतं. चार महिन्यांमागं भादव्याच्या अवसेला लोक त्याला बोडीच्या, गावच्या लहान तळ्याच्या, काठावर जाळून आले होते, आणि चूड लावली होती ती बापानंच.

सुकराम हा उदारामचा एकुलता एक पोरगा. गोंदियाला एका लाकूड ठेकेदाराच्या लॉरीवर राहून गाडी शिकला आणि चाळीस साली कामठीला जाऊन पलटणीत ड्रायव्हर झाला. पलटण गेली सिंगापूरला. बेचाळीसला जपान्यांनी सिंगापूर घेतलं आणि उन्हाळ्यात सरकारचा कागद आला. शाळेच्या जागेश्वर मास्तरांनी वाचून सांगितलं, बेपत्ता. मेला असं नाही, जिवंत आहे असंही नाही. आता गुरू बेपत्ता झालं तर माणूस रान धुंडाळतो, कोंडवाड्यात जाऊन पाहतो. सिंगापूरला कोण जाऊन पाहणार?

दीड वर्ष घरानं तसंच काढलं. मग त्रेचाळीसच्या भादव्यात पाण्यानं ताण दिला. धान गरभावर आलं आणि आभाळ कोरडं ठक्क. उदारामच्या बांद्यांना, धानाच्या खाचरांना, हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. गोऱ्हा बैल गव्हाणीतच आडवा झाला. जमुनाबाईच्या स्वप्नात पोरगा येऊन पाणी मागायला लागला. सुकरामची बायको शामकला, तिच्या स्वप्नात काही तो येत नव्हता. पण तिला विचारतंय कोण? गावात क्रियाकर्म करणारे शालीकराम महाराज एक दिवस ओसरीवर बसून म्हणाले, “उदाराम, तुझा पोरगा तहानेला हाय. त्याले मोकरा कर. तो मोकरा झाल्याबिगर तुझ्या बांदीत पानी येत नाई.”

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची असते. हे महाराजांना माहीत होतं, उदारामलाही माहीत होतं, आणि मास्तरांनी तर तोंडावर सांगितलं. पण गरभावरचं धान बारा दिवससुद्धा थांबत नाही. उदाराम रानात गेला, पळसाची पानं तोडली, मोजून तीनशे साठ देठ काढले आणि त्यांचा माणूस बांधला. डोक्याच्या जागी नारळ. उंची किती धरायची, असं महाराजांनी विचारलं तेव्हा त्यानं आपल्या कानाच्या पाळीला हात लावला. “इथवर येत होता.” मग त्या देठांच्या माणसाला सुकरामचा सदरा घातला, सरणावर ठेवला आणि चूड लावली. ओल्या देठांनी आधी नुसता धूर केला आणि मग ते सूं सूं करत पेटले. उदाराम रडला नाही, त्याचं ध्यान आभाळाकडं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारून पाऊस आला, असा की बांद्या वाहून निघाल्या. दहाव्याला पिंडावर कावळा झडप घालून आला. धान वाचलं. आज खळ्यावर चुरलं जात होतं ते हेच धान.

मास्तरांना शाळेतून बोलावून आणलं. कार्ड छापील होतं, इंग्रजी. मास्तरांनी चष्मा पुसला, दोनदा वाचलं, आणि मग मोठ्यानं सांगितलं, “जपान्यांच्या कैदेत आहे. लिहिलंय, मी कैदी आहे, माझी तब्येत ठीक आहे. खाली सही आहे बघ, बाळबोधीत. सुकराम उदाराम.”

जमुनाबाई खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली. बाया तिच्याभोवती गोळा झाल्या. कोणी म्हणे गूळ आणा, कोणी म्हणे आधी देवीला नारळ फोडा. शामकला कुडाला टेकून उभी होती. तिच्या रित्या मनगटांवर भुसा चिकटला होता आणि ती एकसारखी तो झाडत होती.

“मास्तर,” उदाराम म्हणाला, “तारीख कोन्ती हाय जी?”

“काय?”

“कार्ड लिवलं कवा? तारीख?”

मास्तरांनी कार्ड उलटंसुलटं केलं. उन्हाकडं धरलं. “तारीख नाही यावर. शिक्के आहेत, पण लागत नाहीत.”

“पाहा ना जी नीट.”

“अरे बाबा, पोरगा जिवंत आहे म्हणून लिहिलंय आणि तू तारीख काय विचारतोस?” मास्तर हसले. लोकही हसले. एकटे शालीकराम महाराज हसले नाहीत. ते मागच्या मागं निघाले होते. उदारामनं त्यांना वाटेतल्या चिंचेखाली गाठलं.

“महाराज, हे काय झालं?”

महाराजांचंही तोंड उतरलं होतं. भला माणूस, मुद्दाम कोणाचं वाईट करणाऱ्यातला नव्हता. पण तोंडातून जे निघालं ते निघालंच. “कार्ड अवसेच्या मागून लिवलं असन तर काई नाई. पोरगा वाचला, क्रिया लागली नाई.”

“अन् आधीचं असन तर?”

“आधीचं असन अन् अवसेले तो जिता असन...” महाराज थांबले. “जित्या मानसाची क्रिया झाली तर तो वाचत नाई, उदाराम. इकडं चूड लागली का तिकडं प्रान जातो. कावरा कसा आलता, तूच पायला.”

एवढं बोलून ते गेले. उदाराम तिथंच चिंचेखाली उकिडवा बसून राहिला.

त्या दिवसापासून त्या घरात दोन घरं झाली. एक जमुनाबाईचं. तिनं कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं, रोज त्याला हळदीकुंकू, आणि जेवताना पोराच्या नावानं एक थाळी वेगळी. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, “माहा सुका कैदेत हाय. तब्बेत ठीक हाय मनते.” दुसरं घर उदारामचं, आणि त्यात तो एकटा. त्यानं भात सोडला. कोहळ्यानं भात सोडणं म्हणजे माशानं पाणी सोडण्यासारखं. पोटात दुखते म्हणायचा आणि कोदोची, भरड धान्याची, पेज पिऊन उठायचा. खरं काय होतं? त्या पावसाचा भात तोंडात घातला की त्याला सूं सूं ऐकू यायचं आणि घास बाहेर.

कासार आला तेव्हा जमुनाबाईनं त्याला ओसरीवर बसवलं आणि शामकलेला हाक मारली. उदाराम गोठ्यातून धावत आला. “नाई. चुड्या नाई भरायच्या.”

“काऊन जी? पोरगा जिता हाय अन् सून मुंड्या हातानं फिरन?”

“नक्की समजू दे आधी.”

“नक्की? कार्डावर सई हाय त्याची! तुमाले तं पोराचं चांगलं झालेलं पायवतच नाई का वो?”

शामकलेनं सासऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि कासाराला पाणी देऊन वाटेला लावलं. मग ती गोठ्यात आली, शेणाची पाटी उचलली आणि मान वर न करता म्हणाली, “मामाजी, चिंचेखाली महाराज काय बोलले ते मी आयकलं. मी मागंच होतो घागर घेऊन.”

उदारामनं गोठ्याच्या दाराकडं पाहिलं. “तुह्या सासूले नको सांगजो, पोरी.”

“नाई सांगत. पन तुमी जाऊन पुसून या. भंडाऱ्याले शिपायांची कचेरी हाय मनते मास्तर. तिथं लिवून असन.”

माघात उदाराम भंडाऱ्याला गेला. देवलगावच्या ठेसनावर लहान गाडीत बसला, गोंदियाला उतरून मोठी गाडी, आणि तिथून पुढं टांगा. मास्तरांनी चिठ्ठी दिली होती. कचेरीत केवळराम बाबू म्हणून कारकून होता, कानाला पेन्सील लावलेला, हिंदी-मराठी एकत्र बोलणारा, पण माणसाशी माणसासारखा वागणारा. त्यानं कार्ड हातात घेऊन पाहिलं, नंबर उतरवून घेतला.

“नसीबवाला आहेस बुढ्या. अशी कार्डं शंभरातून एकाची येतात.”

“कवाचं हाय जी हे?”

“काय सांगू? कोणतं सहा महिन्यात येतं, कोणाला दीड वर्ष लागतं. जहाजात पडून राहतात, तपासायला पडून राहतात.”

दीड वर्ष. उदारामनं तिथंच मनात महिने मागं मोजले आणि ते भादव्याच्याही पार मागं गेले.

“जी, त्या जपान्यायच्या वहीत असते का? कोन कवा... म्हंजे कोन्त्या दिवशी...”

“कोण कधी मेला? असतं ना. सगळं लिहून ठेवतात. लढाई संपली की याद्या येतील.” बाबूनं मान वर केली. “का रे? घरी काही केलंस का? क्रियाकर्म?”

उदाराम दचकला. त्याच्या डोक्यात भलतंच आलं. सुकराम सरकारचा शिपाई. सरकारचा शिपाई जिवंत असताना त्याला जाळला म्हणजे गुन्हाच की. हा लिहून घेईल, पोलीस येतील, अन् मग महाराज काय म्हणाले ते जमुनाबाईला कळेल. “नाई जी,” तो हात जोडून म्हणाला. “काईच नाई केलं. देवाशपत.” डोक्यावरचे केस क्रियेनंतर नुकते बोटभर वाढले होते. त्यावर तो सारखा पागोटं दाबत राहिला. बाबूनं पाहिलं असेल की नाही कोण जाणे. त्यानं अर्ज लिहिला आणि अंगठा घेतला.

मग वाट पाहणं. चव्वेचाळीस गेलं. रोवणा झाला, निंदण झालं, कापणी झाली. कामाला उदाराम कधी मागं हटला नाही, उलट दुप्पट राबायचा, कारण बसला की विचार. पण रानातून सरपण आणायचं तर पळसाची वाट सोडून लांबून जायचा. फागुनात सारं रान फुलांनी पेटलं तेव्हा आठ दिवस घराबाहेरच पडला नाही. लोक म्हणाले, बुडगा सटकला. टपालवाल्याची घंटी वाजली की तो कोठीमागं जाऊन उभा राहायचा. हसण्यासारखं आहे खरं, साठीचा माणूस, एकट्यानं वाघ हाकलायचा तरुणपणी, आणि सायकलच्या घंटीला भ्यायचा. पण कोणाला हसू यायचं नाही, कारण त्या वेळी त्याचं तोंड पाहवत नव्हतं.

पंचेचाळीसच्या पावसाळ्यात लढाई संपली. कार्तिकात भंडाऱ्याहून पत्र आलं. मास्तरांनी वाचलं. कैद्यांच्या याद्या आल्या आहेत, बापानं येऊन ओळख पटवावी.

“हाय का त्यात सुका?” जमुनाबाईनं विचारलं. “कवा येते मनते?”

“तसं काही लिहिलेलं नाही,” मास्तर म्हणाले, आणि उदारामकडं पाहायचं त्यांनी टाळलं.

उदाराम एकटाच गेला. शामकला येते म्हणाली तर अंगावर खेकसला. आणि काय केलं त्यानं? सांगायलाही लाज वाटते. कचेरीच्या पायरीपर्यंत गेला. आतून केवळराम बाबूचा आवाज येत होता. दोन पायऱ्या चढला, एक उतरला. चपराशानं विचारलं, “क्या काम है?” तर म्हणाला, “काई नाई, उन्हात बसलो.” भर कार्तिकात, सावलीत बसून! दिवसभर तो पायरीशी बसला. एक म्हातारी आत गेली आणि छाती बडवत बाहेर आली. एक जण आत गेला आणि हसत आला, चपराशाला पेढा देऊन गेला. दोघांना पाहून उदाराम सारखाच भ्याला. पाच वाजता कचेरीला कुलूप लागलं तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. घरी येऊन त्यानं सांगितलं, “सायबच नवता. दौऱ्यावर गेला.”

“मंग कवा येते?” जमुनाबाईनं विचारलं.

“सांगतीन ते.”

असे सहा महिने त्यानं निभावले. कधी साहेब दौऱ्यावर, कधी यादी नागपुरात. जमुनाबाई भोळी, ती मानायची. तिनं पोरासाठी नवी गोधडी शिवायला घेतली होती. पण शेहेचाळीसच्या वैशाखात भंडाऱ्याहून दुसरं पत्र आलं. मास्तरांनी ते घरी न आणता विहिरीवर शामकलेला वाचून दाखवलं. लिहिलं होतं, कार्तिकापासून कोणीही आलेलं नाही.

ती घागर तशीच टाकून घरी आली. उदाराम अंगणात नांगराचा फाळ ठोकत बसला होता. जमुनाबाई शेजारी गेली होती.

“मामाजी, तुमी कचेरीत गेलेच नाई.”

हातोडा थांबला. “कोन सांगतलं?”

“कागद आला. गेलेच नाई ना तुमी?”

“पायरीवरी गेलतो,” उदाराम म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता. “पोरी, आत पाय उचलत नाई माहा. त्यायनं तारीख सांगतली अन् ती अवसेच्या नंतरची निघाली तं? तं मी काय करू? मी जाळलो ना त्याले. माह्या या हातानं. पानी पाईजे होतं मले. धान पाईजे होतं.”

शामकला खाली बसली. तिचे डोळे कोरडे होते. “तुमाले तुमच्या हाताचं भेव हाय. माहं काय? चार वर्सं झाली. मी रांड हाव का सवाशीन, माहं मलेच माईत नाई. लग्नात बोलावतेत तं कोनी पुढं बसवते, कोनी मांगं लोटते. सकारी उठून कुकू लावू का नको, याचं बी भेव वाटते मले. उद्या आपुन दोगंबी जाऊ.”

“उद्या नाई...”

“उद्याच. नाई तं मी एकटी जातो, अन् तिथं सांगतो तुमी काय केलं ते.”

गेले. गाडीत उदाराम देठ मोजल्यासारखी बोटांची पेरं मोजत राहिला. गोंदियाला उतरल्यावर तो फलाटावरच बसला तर शामकलेनं त्याला पाणी पाजलं, तोंड पुसलं आणि धरून मोठ्या गाडीत चढवलं. भंडाऱ्याच्या कचेरीच्या पायऱ्यांवर त्याचे पाय पुन्हा अडले. तिनं मागून सासऱ्याच्या पाठीला हात लावला. एरवी सुनेनं सासऱ्याला असा हात लावणं म्हणजे केवढी गोष्ट! पण तिनं चक्क लोटला त्याला आत.

केवळराम बाबूनं ओळखलं. “अरे, ये. किती दिवस? बस.” त्यानं खुर्ची दाखवली. उदाराम खाली फरशीवर बसला. शामकला दाराच्या चौकटीशी पदर ओढून उभी राहिली. बाबूनं कपाटातून एक जाड फाईल काढली, बोटाला थुंकी लावून पानं उलटली. प्रत्येक पानाला उदारामच्या मानेची शीर उडत होती.

“नाव?”

“सुकराम.”

“बापाचं?”

“मीच जी. उदाराम.”

“नंबर जुळतो. गाव जुळतं. अंगावर काही खूण?”

उदारामनं आपल्याच डाव्या खांद्यावर हात ठेवला. शामकला दारातून बोलली, “डाव्या खांद्यावर डाग हाय जी. बैलानं शिंग मारलतं.”

बाबूनं पानावर बोट ठेवलं. मग पेन्सील कानावरून काढली, टेबलावर ठेवली. त्याला हे काम रोज करावं लागत होतं, तरी त्याच्या तोंडावर दिसलंच. “बुढ्या, मन घट्ट कर. तुझा पोरगा कॅम्पात वारला. तापानं आणि जुलाबानं.”

“तारीख?” उदाराम म्हणाला.

बाबूला वाटलं, त्यानं ऐकलंच नाही. “मी म्हणतोय, सुकराम वारला.”

“हव जी. तारीख कोन्ती हाय?” तो गुडघ्यांवर पुढं सरकला. त्यानं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती.

“एकोणीस एप्रिल. त्रेचाळीस साल.”

“मराठी सांगा जी. मराठी महिना सांगा. हात जोडतो तुमाले.”

बाबूनं खण उघडला. तळाशी जुनी पंचांगं होती; लोक श्राद्धाची तिथी विचारत म्हणून तो ती टाकत नसे. त्यानं त्रेचाळीस सालचं काढलं, बोट फिरवलं. “चैत्र. पुनवेच्या आदल्या दिवशी.”

“चैत,” उदाराम म्हणाला. त्यानं उजव्या हाताचं बोट दुमडलं. “चैत, वैशाक, जेठ, अखाडी, सावन...” तो थांबला. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पुन्हा तेवढेच. “भादव्याच्या आधी! पाच महिने आधी! बाबूजी, पाच महिने आधीच गेलता तो. आमी जाळलो तवा तो नवताच. काईच नवता तिथं, नुसते देठ होते!”

आणि तो हसला. तोंड उघडून, दात नसलेल्या हिरड्या दाखवत, मोठ्यानं हसला. बाबूचे पाय धरले त्यानं. बाबू गडबडून मागं सरकला. “बुढ्या, समजलं ना तुला काय लिहिलंय?”

“समजलं जी. सारं समजलं. देव भलं करो तुमचं.” कुठं अंगठा लावायचा ते त्यानंच विचारलं आणि असा दाबून लावला की शाई कागदावर पसरली.

बाहेर आला तो ताठ चालत होता. दोन वर्षांत त्याची पाठ अशी सरळ कोणी पाहिली नव्हती. आवारातल्या कडुनिंबाखाली त्यानं शामकलेला थांबवलं. “आयकलं का पोरी? चैताची पुनव! मी नाई मारलो. महाराजाचं काई खरं नाई. तो आधीच... मले लगित भूक लागली. इथं भात कुठं भेटन? आदी जेवू, मंग...”

“मामाजी,” शामकला म्हणाली.

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

“ते मेले, मामाजी.”

उदाराम तिच्याकडं बघत राहिला. हसू अजून त्याच्या तोंडावरच होतं, नुसतं विसरून राहिलेलं. ते हळूहळू जायला लागलं. अवसेला तो आभाळाकडं बघत होता. त्यानंतरची अडीच वर्षं आपल्या हातांकडं. पोराकडं बघायला त्याला वेळच झाला नव्हता. जुलाबानं गेला म्हणे. लहानपणी पोट दुखलं की सुका बापाच्याच मांडीवर येऊन पालथा पडायचा आणि पाठीवरून हात फिरवायला लावायचा, मायजवळ जायचा नाही. तिथं सिंगापूरला कोणी फिरवला असेल हात?

“सुका,” तो म्हणाला. मग पुन्हा, मोठ्यानं, “सुका रे! माह्या सुका!”

तो मातीत बसला. पागोटं सुटून गळ्यात आलं. भर आवारात, वकील आणि पक्षकार आणि टांगेवाल्यांच्या देखत, तो जमिनीवर हात आपटून असा ओरडून रडायला लागला की समोरच्या झाडाखालचे बैल कान टवकारून उठले. शामकला त्याच्याजवळ बसली आणि तिनं त्याचं डोकं आपल्या खांद्याला धरलं. तीही रडत होती. लोक जमले. कचेरीचा चपराशी पायऱ्या उतरून आला.

“क्या हुआ, बाई? कोई मर गया क्या?”

शामकलेनं मान हलवली. “यायचा पोरगा.”

“अरेरे. कब?”

“आत्ता,” ती म्हणाली.